वर्नरची रायफल आणि आईची हळद

निघताना कराडच्या एसटी स्टँडवर वडील खाकी ड्रेसमध्येच आले. पतसंस्थेच्या दारात बंदूक घेऊन बसायची त्यांची नोकरी; अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. सुनीता, माझी बायको, नर्सिंग शिकायला आधीच मेलबर्नला पोचली होती. मी नववीतच शाळा सोडून सुतारकामाला लागलेला, आणि आता तिच्या व्हिसावर निघालेलो. चुलते सगळ्यांसमोर म्हणालेच, "लोक बायको आणतात, ह्याला बायकोनं मागवलाय." सगळे हसले, मीही हसलो. वडील तेवढे हसले नाहीत. गाडी हलली तसे खिडकीची दांडी धरून म्हणाले, "परमुलूख आहे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

हे वाक्य मी जरा जास्तच मनावर घेतलं. मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात पहिली काही वर्षं पोलिसांची गाडी दिसली की मी खिशातलं ट्रेनचं कार्ड चाचपायचो, फुटपाथवरून चालत असलो तरी. किचन कॅबिनेटच्या फॅक्टरीत काम लागलं. सुपरवायझर "नो वरीज, मेट" म्हणाला की मला घोर लागायचा. हा नक्की कशाबद्दल म्हणतोय? जे माझ्यासारखे कमी शिकून बाहेर पडलेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. तुम्ही गावाकडचे म्हणाल, मग अशा भित्र्या माणसाच्या घरात जर्मन रायफल आली कशी?

वर्नरमुळे. फॅक्टरीत माझ्या शेजारच्या बेंचवरचा म्हातारा. लहानपणी आईबापांबरोबर जर्मनीहून बोटीने आलेला. एकदा स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, मी अक्रोडाच्या फळीवरून नुसता हात फिरवत बसलो होतो. त्याने ते पाहिलं आणि रविवारी घरी बोलावलं. टेबलावर जुनी चादर अंथरून त्याने त्याच्या वडिलांची शिकारी रायफल ठेवली. झूल नावाच्या जर्मन गावातल्या कारागिरांनी केलेली, पहिल्या महायुद्धाच्याही आधीची.

मला तोवर वाटायचं, बंदूक म्हणजे बंदूक. माझ्या वडिलांची पतसंस्थेत होती तशी. पण ही हातात घेतली तर मांजर उचलल्यासारखी. अक्रोडाचा दस्ता, गालाला टेकायला अलगद उंचवटा, लाकडाच्या रेषा मुठीच्या वळणाबरोबर वळलेल्या. पोलादावर ओकची पानं आणि मागे वळून बघणारं हरीण, तेही हाताने कोरलेलं. दोन चाप: मागचा ओढला की टिक आवाज होतो, मग पुढच्याला नुसता श्वास लागला तरी पुरे. आणि नळीचा तो निळसर काळा रंग. तो लावलेला नसतो. पोलाद पुन्हा पुन्हा गंजवून, उकळून, घासून आणलेला असतो. म्हणून वर्नरचा एकच नियम: पाणी नाही, घामाचं बोट नाही, हात लावला की तेलाचं फडकं. "नवी झाली की ती मेली," तो म्हणायचा. कुणी हौसेने पुन्हा रंग चढवलेली रायफल प्रदर्शनात दिसली की आम्ही मयताला आल्यासारखे उभे राहायचो.

वर्नरच्या मुलाला तिच्यात रस नव्हता. मी कोर्स केला, लायसन्स काढलं, पोलीस येऊन रायफल ठेवायची तिजोरी बघून गेले. (चहा विचारला तर "नो वरीज" म्हणाले. मला रात्रभर झोप नाही.) वर्नरने रायफल माझ्या नावावर केली तेव्हा म्हणाला, "विकत नाहीये. तुझ्याकडे राहायला पाठवतोय. बघायला येत जाईन."

त्याच वर्षी आई व्हिजिटर व्हिसावर आली. खंडेनवमीला तिने माझे रंधे, पटाशा, सुनीताचा स्टेथोस्कोप, सगळं पाटावर मांडलं. म्हणाली, "घरात हत्यार आहे आणि पूजेला नाही?" मी रायफल उघडून, रिकामी असल्याची दोनदा खात्री करून आणली. आमची इथेच जन्मलेली मुलगी ओरडली, "आजी, यू कान्ट टच दॅट!" लायसन्स एकट्या माझं, म्हणून मीच धरून उभा राहिलो. आईने तीन बोटं ओल्या हळदकुंकवात बुडवून नळीवर ओढली. फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून आणलेला झेंडू वाहिला. चापाभोवतीची कड निरखून म्हणाली, "हे म्हशीचं शिंग हाय की रे." खरंच, शिंगच होतं ते. मी इतका खूश झालो की फडक्याने वरवर पुसून ठेवून दिली. आईने लावलेलं कुंकू घासून काढायला जीव होईना.

पुढच्या रविवारी वर्नर जेवायला येणार, म्हणून सकाळी काढली. नळीवर तीन तांबूस बोटं. गंज. एवढ्या वर्षांचा तो काळा रंग आमच्या घरात एका आठवड्यात गेला. दुकानात नेऊन गुपचूप रंग चढवावा असंही मनात आलं. सुनीता म्हणाली, "आणि मग त्याच्यासमोर कसा उभा राहशील?" वर्नर रायफल परत मागेल ह्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती म्हणजे तो काही न बोलता निघून जाईल आणि पुन्हा येणार नाही.

तो आला. मी इंग्रजी जुळवतोय तोवर आई पुढे झाली, आपली तीन बोटं दाखवली, नळीकडे दाखवलं आणि दोन्ही कान धरून उभी राहिली.

"व्हॉट्स शी डूइंग?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. माफी, पूजा, हत्याराला वर्षातून एकदा देव मानतात ते, सगळं एका दमात.

वर्नर खाली बसला. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून त्याने डागांवरून बोट फिरवलं. मग तेल आणि बारीक स्टील वूल, म्हणजे तारेची मऊ घासणी, मागितली. आम्ही दोघांनी मिळून गंज काढला. रंग गेला तो गेलाच, तीन फिकट पट्टे उरले. मी विचारलं, दुरुस्त करून आणू का?

"माझ्या वडिलांनी हिला सगळं दिलं," तो म्हणाला, "फूल कुणी कधी दिलं नाही. राहू दे. फक्त तुझ्या आईला सांग, पाण्याऐवजी तेल."

मी सांगितलं. आई कान सोडून म्हणाली, "त्यात काय, तेलात कालवू! नवरदेवाला नाही का लावत?" आणि त्याच्या ताटात आणखी एक पुरणपोळी टाकली.

आता तिजोरीत आणखी दोन जर्मन रायफली आल्या आहेत. आई कराडला आहे, वर्नर बेरविक उपनगरात त्याच्या मुलीजवळ. खंडेनवमीला दोघांचेही व्हिडिओ कॉल येतात आणि दोघंही एकच विचारतात, तेल घेतलंस ना? मी त्यांना वाटी दाखवतो. ज्या जागी आपल्याकडून चूक झाली तरी लोक पुन्हा जेवायला येतात, तिला मी घर म्हणतो. अशा जागा मला दोन मिळाल्या, एक कराडला, एक इथे. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाला ह्याहून जास्त काय पाहिजे?