पिवळी पानं

संशोधन संस्थेच्या गच्चीवरचं काचघर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे कुंडीकाका म्हणत. रोपांना पाणी घालायचं, माती मोकळी करायची, दिवे लावायचे आणि विझवायचे, हे त्यांचं काम. माणूस सरळ, पण एक खोड होती. पिवळं पान दिसलं की हात शिवशिवायचे. जाता जाता पान खुडायचे आणि खिशात टाकायचे. आपण खुडलं हे त्यांना स्वतःलाही कळत नसे.

"तुझ्या खिशात एक दिवस झाड उगवेल," त्यांचा थोरला भाऊ, दादा, म्हणायचा.

दादा टेलर. उजवा हात थरथरायला लागला आणि शिलाई मशीनवर चादर पडली ती पडलीच. घरात दोघंच, आणि धाकट्याचा सगळा जीव थोरल्यात. डॉक्टरकडे जायच्या दिवशी कुंडीकाका दादाची दाढी करून देत, बटणं लावून देत. तिथे त्याचा हात आपल्या हातात घट्ट धरून बसत. डॉक्टरांनी विचारलं, "स्वतःचं स्वतः करतात ना?" की दादाने तोंड उघडायच्या आत यांचं उत्तर तयार, "सगळं करतो!" डॉक्टर खूश. "मग तेवढंच औषध चालू ठेवा." आणि घरी आल्यावर दादाचा कप बशीत वाजायचा, गेल्या वेळेपेक्षा जास्तच. औषध वेळेवर, डॉक्टर समाधानी, मग हात सुधारेना का? कुंडीकाकांचं डोकं चालेनासं झालं. रात्र रात्र झोप लागेना.

काचघरात संशोधन करणाऱ्या बाईंना त्यांनी एकदा धीर करून विचारलंच. बाई वयाने लहान, पण समजावून सांगायची हौस मोठी.

"काका, प्रत्येक पेशीत छोटी छोटी वीजघरं असतात. झाडांच्याही आणि आपल्याही. एखादं बिघडलं की पेशी त्याच्याभोवती पिशवी गुंडाळते आणि ते विरघळवून टाकते."

"दुरुस्त नाही करत?"

"थोडंफार करते. फारच बिघडलं तर मोडीत. ते तसंच पडून राहिलं तर आजूबाजूचंही नासवतं. तुमच्या दादांसारख्या आजारात मेंदूतल्या पेशींची ही सफाई अडत असावी, असा संशय आहे. प्राण्यांमध्ये बिघडलेल्या वीजघरावर खूण करणारी प्रथिनं सापडली आहेत. झाडांत तशी खूण सापडत नाही. मग झाड ओळखतं कसं? माझा सगळा खटाटोप त्यासाठीच."

निम्मं डोक्यावरून गेलं. कुंडीकाकांना कळलं ते एवढंच, की दादाचं दुखणं आणि ही रोपं यांचा काहीतरी संबंध आहे. झालं! त्या दिवसापासून ते रोपांना दादासारखंच जपायला लागले.

बाईंनी दोन ट्रे जळजळीत दिव्याखाली ठेवले होते. एकातली रोपं धडधाकट. दुसऱ्यातल्या रोपांमध्ये ती सफाईच बिघडवलेली. "पाणी तुमचं, बाकी माझं," त्या म्हणाल्या होत्या. दुसरा ट्रे लवकर पिवळा पडायला हवा होता. पडेना! बाईंनी दिवा बदलला, बियाणं बदललं, पुन्हा पेरलं. पुन्हा तेच. दोन्ही ट्रे हिरवेगार. बाई ट्रेसमोर कपाळाला हात लावून बसत. त्यांचे डोळे सुजलेले बघून कुंडीकाका चक्रावून जात. रोपं इतकी छान दिसताहेत आणि ही पोर रडतेय कशाला?

एका सकाळी बाई दाराशी उभ्या असताना कुंडीकाकांनी पाणी घालता घालता दुसऱ्या ट्रेमधलं एक पान खुडलं.

"काका! काय केलंत?"

"कुठे काय? पिवळं होतं."

"हे रोज करता?"

"रोजच. का हो?"

बाई मटकन स्टुलावर बसल्या. रागवावं तर तेही त्यांना जमेना. "या रोपाला स्वतःची सफाई जमत नाही, हेच तर मला दिसायला हवं होतं. तुम्ही मागून सगळं आवरत राहिलात. मग आजार दिसणार कसा?"

कुंडीकाका ट्रेकडे बघत राहिले. चांगलं करायला गेलो आणि हे काय होऊन बसलं? "म्हणजे पिवळी पानं राहू द्यायची?" त्यांनी तीनतीनदा विचारलं. बाई तीनतीनदा हो म्हणाल्या. तरीही त्यांना पटता पटेना.

पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना त्यांनी दादाची बटणं लावली, पण घरातून निघाल्यापासून काहीतरी टोचत होतं. काय ते कळत नव्हतं. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं, "स्वतःचं स्वतः करतात ना?"

कुंडीकाकांनी तोंड उघडलं. तसंच मिटलं. दादाचा हात सोडला आणि आपले दोन्ही हात खिशात घातले. आत वाळक्या पानांचा चुरा होता.

"दादा," ते म्हणाले, "वरचं बटण काढून लाव बरं."

दादाने असं पाहिलं, जणू जन्मात कुणी त्याचा एवढा अपमान केला नव्हता. मग त्याने हात वर नेला. बोटं बटणाभोवती नाचू लागली. बटण निघेना. अर्ध्या गावाचे कपडे शिवलेला माणूस घामाघूम झाला. कुंडीकाकांनी खिशात मुठी आवळल्या. डोळे भरून आले, पण हात बाहेर काढले नाहीत.

डॉक्टर पेन ठेवून उठले. "हे असं कधीपासून?"

"बऱ्याच दिवसांपासून," दादा म्हणाला. "हा लावून देतो ना."