लेकराला भूक का नव्हती

लेक चार महिन्यांची झाली आणि नागपूरहून हुकूम आला, की तालुक्यातल्या मोठ्या गावांत जाऊन तिथल्या सुइणींना शिकवायचं. मी तेव्हा मेहकरच्या दवाखान्यात नर्स होते. नवरा सोनाळ्याच्या शाळेत मास्तर, म्हणजे जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. सासूबाई पिंपळगाव राजाला. लेकरू इथं आणून सोड, म्हणजे सांभाळते, असा त्यांचा निरोप आला. अंगावर पिणारं लेकरू कसं सोडणार? शेवटी ओळखीतून एक म्हातारी विधवा सोबत यायला तयार झाली. मी तिला मावशी म्हणायची. माघातल्या एका सकाळी आम्ही तिघी बैलांच्या दमणीत बसून डोणगावला निघालो.

मावशीवर माझा पुरता भरवसा नव्हता. ती बोलायची कमी, आणि कमरेला खोचलेल्या पिशवीला तिचा हात सारखा जायचा. आमच्या शिक्षणात मोठ्या डॉक्टरीणबाईंनी अफू पाजलेलं एक मूल आम्हाला दाखवलं होतं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लेकरू निजून राहावं म्हणून तिळाएवढी अफू बोटाला लावून चाटवायच्या. त्या मुलाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या मी पाहिल्या होत्या. ते मूल वाचलं नाही.

डोणगावात शाळेमागची एक खोली आम्हाला मिळाली. शाळेच्या ओसरीवर पाच सुइणी जमल्या. त्यांना मी नकोच होते. नखं कापा, नाळ कापायचं पातं उकळा, असं म्हटलं की त्या एकमेकींकडे पाहायच्या. त्यांतली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "बाई, अर्धं गाव ह्या हातानं जगात आलं. आता हे हात वंगाळ झाले काय?" मी उत्तर देत होते, पण माझं अर्धं लक्ष खोलीकडे होतं. दुपारपर्यंत दूध दाटून चोळी भिजली. मी जवळजवळ पळतच गेले.

लेक गाढ झोपली होती. मी तिला उठवून पदराखाली घेतलं. तिनं दोन घोट घेतले, तोंड फिरवलं आणि पुन्हा डोळे मिटले. प्रवासानं शिणली असेल, असं मी मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. रोज भुकेनं आकांत करणारी पोर माझ्याकडे पाहून नुसती हसली आणि पेंगली. मी तिचं तोंड हुंगलं. दुधाचाच वास होता. तिला उन्हात आणून डोळे पाहिले, तर बाहुल्या बारीक दिसल्या. पण उन्हात कुणाच्या बाहुल्या बारीक होत नाहीत? सावलीत नेलं, तर तिनं डोळेच उघडले नाहीत.

"मावशी, हिला काही पाजलं का?"

"मी काय पाजू? माह्यापाशी काय हाये?" मावशी चुलीकडे तोंड करून म्हणाली.

ती आंघोळीला विहिरीवर गेली. जाताना पिशवी खुंटीला अडकवून गेली होती. कुणाची वस्तू अशी उचकायची नाही, हे मला कळत होतं. तरी मी ती उघडली. तंबाखू, सुई-दोरा, आणि चिंधीत बांधलेली काळी चिकट गोळी, हरभऱ्याएवढी. वास घ्यायचीही गरज नव्हती.

मावशी ओलेत्यानं दारात आली, तेव्हा ती गोळी माझ्या तळहातावरच होती.

"हे काय?"

ती गोंधळली नाही, उलट चिडली. "अफू हाये. माह्या गुडघ्यासाठी. थंडीत उठता येत नाई मले."

"आणि पोरीला?"

"देवाशपत बाई, तिच्या ओठाले हात नाई लावला."

"मग ती पीत का नाही?"

यावर मावशी ओला पदर पिळू लागली. तिनं नजर खाली घातली, आणि माझी खात्रीच पटली. गोळी मी माझ्या पेटीत कुलूप लावून ठेवली. तिला परत पाठवावं, तर उद्या लेकराला कोण घेणार? वर्ग सोडून गेले, तर नोकरीचं काय? त्या दिवशी मी लेकीला कुशीतून हलू दिलं नाही. तिचा श्वास मोजत राहिले.

तिसऱ्या दिवशी मी सुइणींना हात धुवायला लावलं आणि आलेच म्हणून उठले. समोरच्या वाटेनं न जाता शाळेच्या मागून गेले. खोलीला कडी होती. आत कुणी नाही. समोर एक बाई शेण थापत होती. तिला विचारलं, तर तिनं हातानंच दाखवलं, "पिंजाऱ्याच्या घरी. रोजच जाते ना म्हातारी."

गल्लीच्या टोकाला कापूस पिंजल्याचा टणटण आवाज येत होता. मी दार ढकलून आत शिरले. मावशी उंबऱ्याशी बसली होती. आतल्या कोपऱ्यात भिंतीला टेकून एक तरणी बाई बसली होती, आणि माझी लेक तिच्या ओढणीखाली चुरुचुरु पीत होती.

त्या बाईनं मला पाहिलं आणि लेकीला सोडवू लागली. लेक रडायला लागली.

"गुस्सा नका करू बाई," ती म्हणाली. "मीच मांगतलं तिले. माह्यं लेकरू जाऊन आज बारा दिवस झाले. दूध काही थांबून नाई राह्यलं. छाती दगड झाली होती, ताप भरला होता."

मावशी म्हणाली, "पह्यल्या दिवशी मी विस्तव मांगाले आलो. पोरगी रडली, अन् हिचा पान्हा सुटला. सारी कुडती भिजली. मले पाहवलं नाई. तुमाले सांगतलं असतं तं तुमी नाईच म्हटलं असतं."

ते खरंच होतं. मी नाहीच म्हटलं असतं. अफू नव्हती, म्हणून मला रडू आलं. आणि त्याच क्षणी, लेक माझ्याऐवजी तिच्यासाठी रडते, याचा रागही आला. त्यातच, हिच्या लेकराचा रोग माझ्या पोरीला तर लागणार नाही, असा आणखी एक संशय डोक्यात शिरला. मी दरडावून विचारलं, "तुझं लेकरू कशानं गेलं?"

तिनं न चिडता सांगितलं. सातव्या दिवशी जबडा मिटला, दूध ओढता येईना, मग अंग कमानीसारखं वाकायला लागलं. नाळ विळ्यानं कापली होती. सुईण कोण, तर माझ्या ओसरीवर बसून हातांचा अभिमान सांगणारी तीच म्हातारी.

मी लेकीकडे पाहिलं. ती ओठ चाटत होती.

"पाज," मी म्हटलं. "पुरतं पिऊ दे."

मावशीची मी माफी मागितली. तिनं नुसतं "हाव" म्हटलं आणि गोळी परत मागितली. मी दिली, पण लेकराजवळ ठेवायची नाही, असं बजावून दिली. तिला ते लागलं, हे दिसलं.

राहिलेले तीन दिवस लेक सकाळी पिंजारणीकडे प्यायची आणि संध्याकाळी माझ्याकडे. हळूहळू पाजणं कमी कसं करायचं, छातीला फडकं कसं बांधायचं, ते मी तिला दाखवलं. तिचा ताप उतरला. माझं सकाळचं दूध मी वाटीत पिळून बाभळीच्या बुडाशी ओतायची. सासूबाईंना यातलं काही कळू दिलं नाही.

म्हाताऱ्या सुइणीला मी एकटीला बाजूला घेऊन धनुर्वात कशानं होतो ते सांगितलं. ती बराच वेळ विळ्याच्याच गोष्टी करत राहिली. सासूनं दिलेला, चांगल्या लोखंडाचा. शेवटी तिनं विचारलं, "मंग माह्या हातानं किती गेले असतील बाई?" दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन पातं उकळत बसली होती.

पुढच्या महिन्यात पुन्हा डोणगावला गेले, तेव्हा पिंजारणीचं दूध आटलं होतं. ती नवऱ्याबरोबर कापूस पिंजत होती. केसांवर, भुवयांवर रुई बसलेली. तिनं हात पुसले आणि लेकीला उचलून घेतलं. लेक तिला ओळखीनाच. माझ्याकडे झेपावू लागली.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि लेकीला माझ्याकडे दिलं.