एका पानात पुरं

"कोन म्हंते?"

आपांचा हा प्रश्न भांडणाचा नसायचा. चष्मा कपाळावर चढवून, हनुवटी जराशी पुढे काढून त्या खरोखरच विचारायच्या. म्हणणारा कोणी तरी माणूस असेल आणि त्याला जाऊन भेटता येईल, अशा सुरात. एकदा सर म्हणाले, बातमीत 'मी' येऊ नये. मागच्या बाकावरून आवाज आला, "कोन म्हंते, सर?" सरांनी खडू खाली ठेवला. जरा विचार करून म्हणाले, "पुस्तकात आहे." आपांनी वहीत लिहून घेतलं, 'पुस्तक म्हंते.'

वाशीमला पत्रकारितेच्या त्या वर्गात आम्ही सगळे एकोणीस-वीस वर्षांचे, आणि आपा चाळिशी ओलांडलेल्या. अनसिंगला त्यांच्या घरचं किराणा दुकान होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला कामाला. दुकान त्या आणि त्यांचे दीर मिळून चालवायचे. सकाळचं गिऱ्हाईक आटोपून बुरख्याच्या बाह्या सारख्या करत त्या एसटीने यायच्या. या वयात कॉलेज कशाला, असं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "लगनात सुटलं होतं. आता धरलं."

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प होता. दोघादोघांनी मिळून वाचकांचा शोध घ्यायचा आणि सोळा पानांच्या मासिकाचा नमुना अंक तयार करायचा. कोणी गाड्या घेतल्या, कोणी क्रिकेट, बऱ्याच जणींनी फॅशन. जोड्या ठरल्या त्या दिवशी जऊळक्याहून येणारी माझी गाडी उशिरा आली. वर्गात पोचले तर एकच माणूस शिल्लक होतं. आईच्या वयाची जोडीदारीण कोणालाच नको होती. मलाही नको होती.

सरांनी छापील प्रश्नावली दिली होती. ती घेऊन आम्ही बसस्टँडवर गेलो. बायकांच्या बाकड्यावर एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी पेन सरसावून पहिला प्रश्न वाचला, "आजी, तुमच्या घरी मासिक येतं का?"

तिने पदर तोंडाला लावला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मायी त कवाच बंद झाली बाप्पा. सुनेले येते."

आपा हसून हसून खाली फरशीवरच बसल्या. मग डोळे पुसून त्यांनी माझ्या हातातली प्रश्नावली घेतली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. म्हातारीजवळ सरकून म्हणाल्या, "माय, घरात काय वाचता तुमी?"

"मी कायची वाचतो? नात वाचून दाखवते. पुडीचा कागद."

त्या दिवशी सोळा बायकांशी बोललो आणि अर्ध्याअधिक जणींकडून हेच ऐकलं. शेंगदाण्याची, जिऱ्याची पुडी सोडली की कागद सरळ करून वाचायचा. मानोऱ्याकडच्या एकीने तर एक आख्खी गोष्ट सांगितली. सासऱ्याने सुनेला विहिरीवरून परत आणलं इथपर्यंत. "पुढं काय झालं मालूम नाई," ती म्हणाली. "पुढचा कागद दुसऱ्याच्या घरी गेला."

गाडीत बसताना आपा म्हणाल्या, "थे पान मीच फाडलं असन. अशी किती पानं फाडली मी."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या मासिक ठरवूनच. प्रत्येक पान आपल्या आपण पुरं पाहिजे. पुढे पाहा, मागे पाहा काही नाही. कुठलंही पान कोणाच्याही हातात पडो, त्या बाईचं काही अडता कामा नये.

संगणक मला येत होता, म्हणून पानं मी लावायची. त्या शेजारी स्टुलावर बसायच्या, मान मागे घेऊन पडद्याकडे बघायच्या.

"अक्षर मोठं कर."

"आपा, मजकूर बसत नाही."

"मंग मजकूर कमी कर. डोये त मोठे नाई करता येत."

एका पानावर साप चावल्यावर काय करायचं ते. एका पानावर रेशनकार्डात सुनेचं नाव कसं घालायचं. एक गोष्ट, एकाच पानात संपणारी. आणि एक पान आपांनी स्वतः लिहिलं, दुकानदार मापात कसा मारतो त्यावर. ते वाचून दीर भडकले. "आपन भी दुकानदारच हाओत ना, भाभी? हे कायले?" आपा म्हणाल्या, "आपन मारत नाई, त आपल्याले भ्याचं काय काम?" दीर उठून पोती मोजायला लागले. तेवढ्यावरून आपांनी काय ते ओळखलं, आणि दुकानातला काटा दुरुस्तीला पाठवला.

सर भले होते, पण घाबरट. त्यांनी सुचवलं, पहिल्या पानावर प्राचार्यांचं मनोगत घ्या. आपांनी विचारलं, "थे वाचन कोन? प्राचार्यच ना? मंग त्याइले चिठ्ठी लिहून देऊ."

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. आमचा एकुलता एक अंक त्यांनी चाळला आणि टेबलावर ठेवला.

"ही पत्रकं आहेत, मासिक नाही. सलगता नाही. मुखपृष्ठावर चेहरा नाही. अक्षरं बालवाडीसारखी. मासिक असं नसतं."

मला कळलं, आता काय येणार. मी टेबलाखालून आपांचा हात दाबला. काही उपयोग झाला नाही.

"कोन म्हंते?"

"मी म्हणतो," परीक्षक म्हणाले.

आपांनी अंक उचलला, मधलं एक पान धरलं आणि टर्रकन फाडलं. महिनाभर राबून केलेला अंक! पान त्यांच्यापुढे धरून म्हणाल्या, "वाचा, साहेब. अन् सांगा, काही अडलं का?"

त्यांनी वाचलं नाही. फाटका अंक स्वीकारता येणार नाही, आठ दिवसांत रीतसर मासिक करून आणा, नाही तर दोघी नापास, असं सांगून त्यांनी पुढच्या जोडीला बोलावलं.

आपा म्हणाल्या, आपण नाही बदलायचं. मी बदललं. घरी बाबांनी सांगून ठेवलं होतं, "पास झाली त नवकरी कर. नाई त पाव्हने बलावतो." लॅबमध्ये एकटी बसून मी बारीक अक्षरांचं, गोऱ्या मुलीच्या चेहऱ्याचं, प्राचार्यांच्या मनोगताचं एक मासिक केलं आणि त्यावर दोघींची नावं घातली. मला वाटलं, मी त्यांनाही वाचवते आहे.

आपांनी ते शेवटच्या पानापर्यंत बघितलं. "साफ काम हाय तुयं," म्हणाल्या. मग माझ्या खिशातलं पेन काढून स्वतःच्या नावावर रेघ मारली. "पन हे मायं नाई." आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मी पास झाले. आपांचा तो विषय राहिला.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, तोच अंक घेऊन. फाटलेलं पान कणकेच्या खळीने चिकटवलं होतं. मी तेव्हा अकोल्याला एका दैनिकात पानं लावायला लागले होते. रजा काढून आले आणि दाराबाहेर उभी राहिले. या वेळी परीक्षक बाई होत्या. आतून कागद उलटल्याचा आवाज तेवढा येत होता, एकेक पान, सावकाश. बाई वाचत होत्या.

बाहेर येऊन आपा म्हणाल्या, "पास केलं. म्हने पुढच्या टायमाले अक्षर थोडं लहान घ्या. मी म्हनलं, पुढच्या टायमाले मी अजून बुढी होईन, मंग मोठंच लागन."

आपा गेल्या हिवाळ्यात वारल्या. महिन्याने मला कळलं, तेही दुसऱ्याच कोणाकडून. त्यामुळे माझ्याजवळ शेवटचं म्हणून जे आहे ते त्या दुसऱ्या परीक्षेच्या दुपारचं. आम्ही स्टँडवर अनसिंगच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. मी वर्षभर घोळवलेलं वाक्य एकदाचं बोलले, "आपा, तेव्हा मी तुमच्याबरोबर राहायला पाहिजे होतं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"राह्यली असती त तुया बापानं लगन लावून देल्लं असतं. मले काय होतं? मायं लगन होऊन गेलं, मानूसही गेला. मायाकडं टाइम होता, तुयाकडं नव्हता."

मला हायसं वाटलं. डोळेही भरून आले. तेवढ्यात गाडी लागली. आपांनी रेटारेटी करत पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला, मागचे लोक ओरडत असताना तिथेच थांबल्या आणि वळून म्हणाल्या,

"पन आता नवकरी हाय ना तुले? मंग आता 'नाई' म्हनत जाय."