पहिली दहा सेकंदं

माझा मामा व्हिडिओवाला. लग्नं, शाळांची गॅदरिंग, दुकानांची उद्घाटनं, साहेब लोकांचे निरोपसमारंभ, बावीस वर्षं त्याने हेच केलं. निवृत्त झालास का असं कुणी विचारलं की चिडतो. “मी काम सोडलं नाही. सगळ्यांच्या खिशात कॅमेरे आले, तेव्हा कामाने मला सोडलं,” म्हणतो.

मामी त्याची मदतनीस होती. दिवे उचलायचे, वायरी गुंडाळायच्या आणि मुख्य म्हणजे कागद धरायचा. प्रत्येक ठिकाणचा उजेड वेगळा असतो, म्हणून कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. मामी पांढरा कागद छातीशी धरून समोर उभी राहायची आणि मामा बटण फिरवत बसायचा. कॅसेट तेव्हा चालूच असायची. नव्या कॅसेटची पहिली दहा सेकंदं भरवशाची नसतात, तिथे कामाचं काही घ्यायचं नाही, हा त्याचा नियम होता. म्हणून त्या वाया जाणाऱ्या दहा सेकंदांत तो मामीला उभं करायचा.

ती तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर तिचं काही चित्रण आहे का ते शोधायला बसलो, तर काही म्हणजे काहीच नाही. अख्ख्या गावाला कॅमेऱ्यात घेणाऱ्या माणसाने बायकोला एकदाही घेतलं नव्हतं. “घरचंच तर आहे, कधीही काढू,” असं तो तिला म्हणायचा. मला त्याचा इतका राग आला होता की मी आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाही.

मग त्याने कॅसेटी काढल्या. पुढच्या खोलीत, जिथे त्याचा स्टुडिओ होता, तिथे भिंतभर फळ्या होत्या आणि बऱ्याच कॅसेटींवर बुरशी चढली होती. आठ महिने खपून त्याने एकेक कॅसेट पुसली, लावली आणि सुरुवातीचा तेवढा तुकडा कॉम्प्युटरवर घेतला. चारशे बारा तुकडे निघाले. सगळे मिळून जेमतेम एक तास आणि वर आठ मिनिटं. त्यात मामी कागद धरून उभी आहे, “लवकर कर, हात भरून आला” म्हणतेय, कुणाला तरी बाजूला हो म्हणून खुणावतेय, एकदा कागदामागून हळूच पेढा खातेय. मग त्या सगळ्या कॅसेटी त्याने भंगारात दिल्या. “लोकांची लग्नं मी किती दिवस सांभाळू?” म्हणाला.

तुकडे दोन डिस्कवर होते. कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची, कारण कॅसेट खराब झाली म्हणून गिऱ्हाईक परत लग्न करत नाही, हे तो मला लहानपणापासून ऐकवत आलाय. मग एक डिस्क टेबलावरून पडली आणि गेली. राहिली एकच. त्या दिवशी मामाने मला फोन केला, “ते इंटरनेटवर ठेवतात म्हणे. तू ये, आपण बघू.”

मी विमा कंपनीत फायली लावते. पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. मला वाटलं, तासाभराचं काम आहे. पण मामाने जागा निवडायला तीन रविवार घेतले.

पहिल्या कंपनीने व्हिडिओ कमी जागेत बसवून देतो म्हटलं. मामाने एक तुकडा वर चढवला, परत उतरवून घेतला आणि मूळ तुकड्याच्या शेजारी लावला. “बघ,” म्हणाला. मला दोन्ही सारखेच दिसत होते. त्याने पडद्यावर बोट ठेवलं. त्या वर्षी मामीच्या चष्म्याची काडी तुटली होती आणि तिने ती दोऱ्याने बांधली होती. उतरवलेल्या तुकड्यात दोरा नव्हता. ती कंपनी बाद झाली.

दुसरी कंपनी, दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर सगळं पुसणार, असं बारीक अक्षरात लिहून बसली होती. “मी आजारी पडलो तर? विसरलो तर?” मामाने विचारलं. मी म्हटलं, तू आणि विसरणार! पण बाद म्हणजे बाद.

तिसरी पसंत पडली, पण फुकटच्या जागेत तुकडे थोडक्यासाठी मावेनात. मामाने संशयापायी काही तुकडे दोन-दोनदा चढवले होते, तो गोंधळ वेगळाच. तो चहा टाकायला आत गेला आणि पडद्यावर आलं : सारखे दिसणारे व्हिडिओ सापडले आहेत, एक ठेवून बाकीचे काढायचे का? मला वाटलं, दोनदा चढवलेलेच असणार. वाचायचे कष्ट कोण घेतो! मी ‘हो’ दाबलं.

चारशे बाराचे पंधरा झाले.

त्या यंत्राला काय दिसलं असेल? पांढरा कागद, पांढरा कागद, पुन्हा पांढरा कागद. आणि डिस्कवरचं फोल्डर मीच मोठ्या हुशारीने त्याला जोडून दिलं होतं, म्हणजे तिथूनही गेले. मामा कप घेऊन आला तेव्हा मी त्याला पडदा दाखवला.

त्याने कप खाली ठेवले. मग म्हणाला, “कुठले ठेवलेत त्याने?”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं. पंचेचाळिशीची बाई मी, स्टुडिओतल्या स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. मामा म्हणाला, “रडून काय होणार? पुसलेलं कुठे जातं ते शोध. आमच्यात पण पुसलेली कॅसेट लगेच कोरी होत नसे.”

शोधलं. काढलेल्या गोष्टी तीस दिवस कचऱ्याच्या टोपलीत राहतात, असं मदतीच्या पानावर लिहिलेलं होतं. टोपली उघडली आणि माझा जीव भांड्यात पडला. सगळे होते. ते सगळे परत जागेवर यायला संध्याकाळ झाली. मामा खुर्ची ओढून समोर बसून होता आणि चहा तसाच गार झाला होता.

“आता मोठी जागा विकत घे,” तो म्हणाला. “फुकट नको. फुकटच्या कामाला मीही कधी नीट कॅमेरा धरला नाही. आणि नवी डिस्क आण. ती त्याला जोडायची नाही.” मी कानाला खडा लावला. तुझ्या मनासारखंच करते म्हटलं, आणि केलंही.

पुढच्या रविवारी गेले तर त्या कंपनीचं ॲप आपलं आपण चेहरे ओळखून लावत बसलं होतं. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी आली आणि खाली प्रश्न होता : ही एकच व्यक्ती आहे का? डावीकडे मामी, काळ्याभोर केसांची, हसणारी. उजवीकडे डोक्याला रुमाल गुंडाळलेली, चेहरा सुजलेली कुणीतरी बाई. त्या दिवशी कागद धरायला समारंभातल्या कुणाला तरी बोलावलं असेल, असं मला वाटलं. मी ‘नाही’वर बोट नेलं.

मामाने माझा हात धरला.

“ओळखली नाहीस?”

मी पुन्हा पाहिलं. मग ओळखलं. ज्या मामीच्या हातचं जेवून मी मोठी झाले, तिच्यासाठी मी ‘नाही’ म्हणणार होते. माझी मलाच लाज वाटली.

“औषधं चालू होती,” मामा म्हणाला. “घरातले आरसे झाकायला लावले होते तिने. मी म्हटलं, तू येऊ नकोस, मी एकटा करतो. तर म्हणाली, मग तुझ्यासमोर उभं कोण राहणार?”

त्याने चष्मा वर सरकवला, पडद्याजवळ वाकला आणि ‘हो’ दाबलं.