फ्रेममधली म्हैस

आमच्या घरात पदवी घेणारी पहिली मीच, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. पण त्या पदवीच्या आधी एक म्हैस येते, आणि तिचं सांगताना अजून मान खाली जाते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कसबा बावड्यात आमचा गोठा होता आणि मी तिसरीत होते. दिवाळीच्या सुट्टीत वाचायला बाईंनी शाळेच्या कपाटातलं एकेक पुस्तक घरी दिलं. अट एकच: जसं नेलं तसं आणायचं, तरच पुढचं मिळेल. मला प्राण्यांचं मिळालं. एका पानावर एक प्राणी, खाली त्याचा स्वभाव. कोल्हा लबाड, ससा भित्रा, मुंगी कष्टाळू. अभ्यासाची सोडून आमच्या घरात आलेलं ते पहिलंच पुस्तक. मला ते सगळं कपाट वाचून संपवायचं होतं.

संध्याकाळी गोठ्यात बसून मी वडिलांना, आबांना, वाचून दाखवलं. धार काढता काढता ते ऐकत होते. "म्हैस सुस्त व आळशी असते," असं वाचलं आणि त्यांचा हात थांबला.

"कुणी लिवलंय?"

"पुस्तकात हाय."

"त्याला म्हणावं, पाडव्याला ये बघायला."

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढं, म्हैस त्याच्या हाकेमागं. आमची म्हैस गल्लीत कुणाला हार जायची नाही. आबांनी हात पुसून पुस्तक घेतलं, बराच वेळ चित्र बघितलं. "शिंगं मात्र आपल्या म्हशीचीच काढल्यात बघ," म्हणाले.

आमच्या घरात चित्र म्हणजे कॅलेंडरावरचं. वर्ष संपलं की देवाचं चित्र कापायचं, काच बसवून आणायचं, भिंतीला लावायचं. आबांनी तेच केलं. पाडव्यासाठी म्हशीचे केस भादरायची कात्री बाहेर निघालेलीच होती. मी चार दिवस मामाकडं राहून परत आले तर देवांच्या ओळीत म्हैस टांगलेली. खालची ओळ त्यांनी कापून टाकली होती. पानाच्या पाठीमागचं गाढव पुठ्ठ्याला चिकटून गेलं होतं.

मी रडायला लागले. आबांना काही कळेना.

"अगं, पुस्तक हाय की तुझं तसंच. एकच तर पान काढलंय."

शाळा उघडली. पुस्तक चाळून बाई म्हणाल्या, "वडलांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी आबा दूध घालून थेट शाळेत आले. विजारीला शेण, काखेत फ्रेम. चपला वर्गाच्या दाराबाहेर काढल्या, देवळात काढतात तशा, आणि फ्रेम टेबलावर ठेवली.

"घ्या बाई, तुमची म्हस."

सगळा वर्ग हसला. बाईंनी फ्रेम उलटसुलट करून बघितली. "आणि गाढव कुठं गेलं?"

"ते हितंच हाय, म्हशीच्या मागं."

"खालची ओळ?"

"ती खोटी हाय बाई. देवाजवळ कशी लावायची?"

आता बाईंनाही हसू आवरेना. मी बाकाच्या फटीत बघत बसले. हे माझे वडील नव्हेत, दुसऱ्या कुणाचे तरी आहेत, असं मनातल्या मनात घोकत होते. आबा मात्र हसले नाहीत.

"पोरीची पुस्तकं बंद करू नका. तिला ठावंच नव्हतं. चूक माझी हाय."

बाईंनी कपाट उघडून पक्ष्यांचं पुस्तक काढलं. आबांनी सदऱ्याला हात पुसून ते दोन्ही हातांनी घेतलं.

"ह्यात म्हस न्हाय न्हवं?"

"नाही, पक्षी आहेत."

"मग काय भ्या न्हाय."

परत हशा. आबांनी पुस्तक माझ्या बाकावर आणून ठेवलं आणि जरा वेळ तिथंच थांबले. मी वर बघितलं नाही. मग चपलांचा आवाज ऐकू आला, मैदानापर्यंत.

बाईंनी फ्रेम वर्गातच लावली, फळ्याच्या शेजारी. चौथीलाही आम्हाला तीच खोली होती. ते कपाट मी संपवलं. पण दर वेळी पुस्तक बदलायला त्या म्हशीखालून जावं लागायचं, आणि मागून कुणीतरी म्हशीसारखं रेकायचंच.

घरी आबा मधूनच विचारायचे, "म्हस हाय न्हवं अजून भिंतीला?"

"व्हय," एवढंच मी म्हणायचे, आणि पुस्तक तोंडासमोर धरायचे.