उकळलेली बोरमाळ

मंठ्याच्या ठाण्याचा प्रभारी असतानाची ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. शेजारच्या ठाण्यानं नुकतीच एक टोळी पकडली होती. दागिने पॉलिश करून देतो म्हणायचं आणि अ‍ॅसिडमध्ये सोनं उतरवून घ्यायचं, हा त्यांचा धंदा. तिथल्या अधिकाऱ्याचा फोटो पेपरात झळकला. माझ्याहून ज्युनिअर माणूस! तो फोटो बघून माझा जळफळाट झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

अशात दोन जावा तक्रार घेऊन आल्या. धाकटीच्या हातात सासूनं दिलेली बोरमाळ होती. सोन्याचे पोकळ मणी आणि आत भरलेली लाख, अशी ती माळ असते. धाकटी माहेराहून परतली तर कपाटातल्या माळेचे मणी चेपलेले आणि माळ हलकी लागत होती. मोठी खाली बघत म्हणाली, "गल्लीत पॉलिशवाला आल्ता साहेब. साफ कराया म्या त्याला दिल्ती. त्यानंच सोनं काढलं."

मला तर हवं तेच मिळालं. गुन्हा दाखल केला, खबऱ्यांना कामाला लावलं. पॉलिशवाला हसनाबादच्या बाजारात बसलाय अशी टीप आली आणि आम्ही त्याला उचलून आणलं. त्याच्या पिशवीत चिंच, राख आणि दोन ब्रश निघाले. अ‍ॅसिडचा थेंब नाही.

"साहेब, म्या पितळेचे देव अन् चांदीचे पैंजण घासतो. त्या बाईनं समई दिल्ती. माळ तं म्या पाह्यली बी न्हाई."

बराच वेळ दरडावलं, पण जबाब बदलला नाही. कोर्टात उभा केला असता तर टोळीवाला म्हणून शिक्का बसला असता आणि पुन्हा कुठल्याच गल्लीत त्याला कुणी दारात उभं केलं नसतं.

अटकेच्या कागदावर सही करण्याआधी मी पंचांसमोर माळ सराफाकडून तपासून घेतली. सोनं जागच्या जागी होतं. गेली होती ती फक्त लाख. माळ उकळत्या पाण्यात पडली असणार, असं सराफ म्हणाला.

मी थेट त्यांच्या घरी गेलो. चहा घेताना सहज विचारल्यासारखं विचारलं, घरात दागिने कसे साफ करता? धाकटी म्हणाली, "बोरमाळ नुसती ओल्या फडक्यानं पुसायची. गरम पाणी बिलकुल न्हाई. माझ्या आईची बी एक होती, तवापासून ठाऊक हाय." मोठी अभिमानानं म्हणाली, "म्या तं माझ्या पाटल्या रिठे टाकून उकळते. जल्दी लख्ख होतात."

तिच्या पाटल्या भरीव सोन्याच्या. बोरमाळ तिच्या गळ्यात कधी पडलीच नव्हती, मग लाखेचं तिला कोण सांगणार? "आणि बोरमाळ?" मी विचारलं. मोठीचा चेहरा उतरला.

"एकदा घालून पाह्यची होती," ती म्हणाली. "मळकी कशी घालू? म्हातारीचं हागणं-मुतणं म्या केलं अन् माळ हिला दिली. हिच्या गळ्यात दिसली की घास गिळवत नव्हता."

पॉलिशवाल्याला सोडलं. त्यानं पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. सराफानं नवी लाख भरून दिली. माळ ताब्यात घेताना ठाण्यातच, आम्हा सगळ्यांदेखत, धाकटीनं ती जावेपुढे धरली. "आक्का, मागितली असती तं म्या दिली असती. घाला."

मोठीनं हात मागे घेतला. "तुझ्याकडून मागायची असती, तं जळले कशाला असते?"

पुढं नोकरीत मी मत्सराचे बरेच गुन्हे तपासले. हेवा करणाऱ्याला वस्तू देऊन त्याचं समाधान होत नाही, ती मुळात आपल्याला मिळायला हवी होती हेच त्याला बोचत असतं. पेपरात माझा फोटो काही छापून आला नाही. तो ज्युनिअर पुढं बढती घेऊन गेला, आणि खरं सांगतो, ते मला आजही बोचतं.