गोल जखमा

ती घटना आठवली की आजही राग येतो. मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. जवळच्या वाडीतून एक बाई खबर घेऊन आली. शेजारची सावत्र आई पाच वर्षांच्या पोरीला सिगारेटचे चटके देते.

मुलीच्या हातांवर आणि ओठांजवळ गोल जखमा होत्या. वडील ट्रॉलरवर खलाशी, समुद्रात गेलेले. भाचीला कायमचं घेऊन जायला मामा ठाण्यात येऊन बसला. सावत्र आईला ताबडतोब अटक करा, म्हणून एका पुढाऱ्याचा फोन आला. वैद्यकीय तपासणीआधी अटक होणार नाही, असं मी त्याला सांगितलं.

आई जेमतेम पंचविशीची, दोडामार्गाकडची. महिला हवालदारासमोर तिची चौकशी केली. खाकी दिसली की निर्दोष माणूसही हात जोडतो, असा माझा अनुभव. हिने जोडले नाहीत.

“मी चटके दिलंय नाय, कबूल करूचंय नाय. आधी पोरीक, माझ्या चेडवाक, डॉक्टराक दाखवा. मगे माका खंय व्हया थंय न्हेवा.”

अंगावर काहीही उठलं की आम्ही पोलीस एकच शब्द लिहायचो, जखम. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी मला मुलीशेजारी बसवून फरक दाखवला. त्वचेचा नुसता रंग बदलला तर तो डाग. बारीक उंचवटा ती पुटकुळी. आत पाणी असेल तर फोड, पू असेल तर पुळी, आणि फुटून सुकली की खपली. सिगारेटचे चटके बहुधा एका मापाचे, खोल, रेखीव कडेचे असतात. इथे लहानमोठे, उथळ, एकमेकांत मिसळलेले फोड होते आणि वर मधासारखी पिवळी खपली.

“हा जंतुसंसर्ग आहे,” त्या म्हणाल्या. “मुलांमध्ये झटकन पसरतो. ही खेळते कोणाबरोबर?”

खबर देणाऱ्या शेजारणीच्या नातीबरोबर, असं मुलीनेच सांगितलं. जबाब घ्यायला मी तिच्या घरी गेलो आणि नातीला बाहेर बोलावलं. तिच्या नाकाखाली तशीच पिवळी खपली होती.

वाडीकरांनी देवळासमोर समेट घडवायचं ठरवलं. झालं गेलं विसर, असं पोरीच्या आईला म्हणाले. ती पोरीला कडेवर घेऊन उभी राहिली.

“चार माणसांत माका बोललात. आता चार माणसांतच सांगा, हिणा केल्यान नाय.”

शेजारणीने ते मोठ्याने सांगेपर्यंत मी कोणाला उठू दिलं नाही. मामा एकटाच परत गेला.

‘सावत्र’ हा शब्द पुरावा होत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पुढे निवृत्तीपर्यंत, कागदावर नुसतं ‘जखम’ लिहून आणणाऱ्या हवालदाराला मी परत पाठवत असे. कसली ते लिही. फोड, पुळी, की खपली? ओळखता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून ये. माझ्या मागे ते मला नावं ठेवत. खुशाल ठेवोत.